जागा राखणारा माणूस

१९४८ सालच्या एफ. ए. कपच्या, म्हणजे इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या, अंतिम सामन्याचा जुना वृत्तपट मी आजवर किती वेळा पाहिला असेल, याची मोजदाद नाही. काही मिनिटांच्या त्या कृष्णधवल तुकड्यात गोल आहेत, ब्लॅकपूलच्या स्टॅन्ली मॅथ्यूजची उजव्या कडेने होणारी धाव आहे, वेम्ब्लीवर खेटून उभा असलेला जनसमुदाय आहे. ज्याच्यासाठी मी तो वृत्तपट पुन्हा पुन्हा लावतो, तो मँचेस्टर युनायटेडचा कर्णधार आणि उजवा फुलबॅक, म्हणजे बचावाची उजवी कड राखणारा खेळाडू, जॉनी कॅरी मात्र त्यात जेमतेम दिसतो. कॅमेरा चेंडूच्या मागे धावत असतो आणि कॅरी बहुतेक वेळा चेंडू जिथे येणार असतो तिथे आधीच जाऊन उभा असतो. अगदी शेवटी तो नीट दिसतो. सहकाऱ्यांनी त्याला खांद्यावर घेतलेले असते, हातात कप असतो, आणि जेमतेम एकोणतीस वर्षांच्या त्या माणसाच्या डोक्यावरचे केस इतके विरळ झालेले असतात की अनोळखी प्रेक्षकाला तो संघाचा प्रशिक्षकच वाटावा.

महाविद्यालयात असताना मी स्वतः फुलबॅक म्हणून खेळलो. आमचे सर मैदानाबाहेरून सगळ्यांना वेगवेगळ्या सूचना देत, पण माझ्यासाठी त्यांची एकच हाक ठरलेली असे, ‘जागा सोडू नकोस!’ त्या वेळी या हाकेचा मला फार राग यायचा, कारण पुढे जाऊन गोल करणाऱ्यांचा खेळ माझ्या डोळ्यांसमोर चाललेला असे आणि मी चुन्याच्या रेषेपाशी वाट पाहत उभा असे. पुढे अनेक वर्षांनी कॅरीविषयी वाचू लागलो तेव्हा या हाकेचा अर्थ मला नव्याने कळू लागला. या माणसाला आयुष्यात एकही जागा कायमची मिळाली नाही. त्याच्या देशाचे दोन तुकडे झाले, त्याच्या क्लबचे मैदान बॉम्बने उद्ध्वस्त केले, मैदानावरचे त्याचे स्थान तर जवळजवळ दरवर्षी बदलत राहिले. तरीही, मी वाचलेल्या फुटबॉलच्या इतिहासात, आपल्या जागी असणे म्हणजे काय हे ज्याच्याकडून शिकावे असा दुसरा खेळाडू मला सापडलेला नाही.

त्याचा जन्म २३ फेब्रुवारी १९१९ रोजी डब्लिनमध्ये झाला. त्याच्या आदल्याच महिन्यात याच शहरात आयर्लंडच्या पहिल्या स्वतंत्र संसदेची बैठक भरली होती आणि ब्रिटिशांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धाला तोंड फुटले होते. कॅरी तीन वर्षांचा होईपर्यंत उत्तरेकडील सहा परगणे ब्रिटनकडे राहिले आणि उरलेल्या बेटावर नवे राज्य उभे राहिले. म्हणजे तो अखंड आयर्लंडमध्ये जन्मला आणि दुभंगलेल्या आयर्लंडमध्ये वाढला. ही गोष्ट पुढे त्याच्या कारकिर्दीत फार महत्त्वाची ठरणार होती.

त्या काळच्या डब्लिनमध्ये मुलाने कोणता चेंडू लाथाडावा, हासुद्धा राष्ट्रनिष्ठेचा प्रश्न होता. गेलिक ॲथलेटिक असोसिएशन ही देशी खेळांची बलाढ्य संघटना. तिच्या नियमानुसार तिच्या सदस्याने फुटबॉल, रग्बी, क्रिकेट यांसारखे ‘परकीय’ खेळ खेळणे सोडाच, पाहणेही निषिद्ध होते. कॅरी लहानपणी गेलिक फुटबॉल हा देशी खेळही खेळला आणि होम फार्म या मुलांच्या क्लबकडून फुटबॉलही. या बंदीची धार किती होती ते १९३८ मध्ये साऱ्या देशाने पाहिले. त्या वर्षी १३ नोव्हेंबरला डब्लिनच्या डॅलिमाउंट पार्कवर आयर्लंड आणि पोलंड यांचा सामना झाला आणि राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड तो पाहायला उपस्थित राहिले. आयरिश भाषेच्या पुनरुज्जीवनासाठी ज्यांनी आयुष्य वेचले होते, त्या हाइड यांना केवळ एवढ्या कारणावरून संघटनेने आश्रयदात्याच्या पदावरून दूर केले. त्या दिवशी मैदानावरच्या आयरिश संघात एकोणीस वर्षांचा कॅरी होता. ज्या खेळासाठी राष्ट्राध्यक्षालाही शिक्षा होते तो खेळ देशाच्या पोशाखात खेळताना त्या मुलाला काय वाटले असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

तोपर्यंत तो मँचेस्टरला जाऊन दोन वर्षे झाली होती. १९३६ च्या नोव्हेंबरमध्ये युनायटेडसाठी खेळाडू हेरणारा लुई रोका दुसऱ्याच एका खेळाडूच्या शोधात डब्लिनला आला होता. तो खेळाडू हाती लागला नाही, पण सेंट जेम्सेस गेट या क्लबकडून खेळणारा सतरा वर्षांचा कॅरी त्याने पाहिला आणि २५० पौंडांत करार झाला. मँचेस्टरच्या स्थानकावर उतरताच वर्तमानपत्र विकणारा पोरगा ‘युनायटेडची मोठी खरेदी’ असे ओरडत होता आणि कॅरीला क्षणभर ती बातमी आपलीच वाटली, अशी आठवण सांगितली जाते. बातमी होती ब्लॅकबर्नहून घेतलेल्या अर्नी थॉम्पसन या आघाडीपटूची. कॅरीचे नाव तळाशी एका ओळीत होते. थॉम्पसन युनायटेडकडून मोजकेच सामने खेळला. तळाच्या ओळीतला मुलगा सतरा वर्षे टिकला.

सुरुवातीला तो आघाडीच्या फळीत, इनसाइड फॉरवर्ड म्हणून खेळत असे. १९३७-३८ च्या मोसमात युनायटेडने पुन्हा लीगच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या, विभागात स्थान मिळवले, त्यात त्याचा वाटा होता. मग युद्ध आले. आयर्लंड त्या युद्धात तटस्थ होता आणि कॅरीला सैन्यात जाण्याची कोणतीही सक्ती नव्हती. डब्लिनला परत जाऊन सहा वर्षे सुखाने खेळत राहणे त्याला सहज शक्य होते. ‘जो देश मला पोटापाण्याला देतो तो लढण्याच्याही योग्यतेचा आहे’, अशा अर्थाचे त्याचे उत्तर नोंदले गेले आहे, आणि तो ब्रिटिश सैन्यात भरती होऊन मध्यपूर्वेत आणि इटलीत राहिला. ज्या गणवेशाविरुद्ध त्याच्या जन्माच्या वर्षी डब्लिनच्या रस्त्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, तोच गणवेश त्याने आपखुशीने चढवला. या निर्णयाबद्दल त्याच्या गावात काय बोलले गेले असेल, याची कल्पना आपल्याकडच्या वाचकाला करून द्यावी लागणार नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश गणवेशात लढलेले लाखो सैनिक आपल्याही देशाचे होते आणि त्यांच्यातही अनेक कुटुंबांत एक भाऊ सैन्यात, तर दुसरा चळवळीत असे.

युद्ध संपवून तो परतला तेव्हा क्लबला मैदान नव्हते. ११ मार्च १९४१ च्या रात्री जर्मन विमानांनी ओल्ड ट्रॅफर्डचा मुख्य स्टँड जमीनदोस्त केला होता. युनायटेड आपले घरचे सामने शेजारच्या मँचेस्टर सिटीच्या मेन रोड मैदानावर भाड्याने खेळत होता आणि १९४९ च्या ऑगस्टपर्यंत ही परवड चालू राहिली. अशा क्लबचा नवा व्यवस्थापक म्हणून मॅट बस्बी आला. तो स्वतः जुना हाफबॅक. मधल्या फळीत उभे राहून सगळे मैदान वाचण्याची त्याला सवय होती. त्याने कॅरीला कर्णधार केले, आधी हाफबॅकच्या आणि मग उजव्या फुलबॅकच्या जागी आणले. डावीकडे जॉन ॲस्टन हाही मूळचा आघाडीचाच खेळाडू होता. बचावाची दोन्ही टोके आघाडीपटूंच्या हाती देणे, ही त्या काळात धाडसाचीच गोष्ट होती.

ती किती धाडसाची, हे समजण्यासाठी त्या काळचा फुलबॅक डोळ्यांसमोर आणावा लागतो. समोरच्या विंगरला, म्हणजे कडेने चाल करणाऱ्या आघाडीपटूला, आडवे करणे आणि आपल्या पायाशी आलेला चेंडू जमेल तितक्या लांब भिरकावून देणे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असे. चेंडू चामड्याचा, वादीने आवळलेला, पावसात भिजला की जड होणारा. तो दूर गेला की फुलबॅकचे काम संपले. कॅरीने हे काम जिथे संपत असे तिथून सुरू केले. चेंडू अडवल्यावर तो थांबायचा, मान वर करायचा आणि मोकळ्या सहकाऱ्याच्या पायात तो देऊन टाकायचा. आक्रमण कसे उभे राहते हे आघाडीपटू म्हणून त्याला आतून ठाऊक होते, म्हणून ते कुठे मोडेल हेही त्याला आधी दिसे. तो फार वेगवान नव्हता आणि धसमुसळा तर मुळीच नव्हता. लोकांनी त्याला ‘जंटलमन जॉन’ असे नावच देऊन टाकले होते. माझ्या मते त्याच्या सभ्यतेचे मूळ त्याच्या खेळातच होते: जो योग्य जागी आधीच पोहोचलेला असतो, त्याला मागून येऊन कुणाला पाडावे लागत नाही.

१९४८ च्या कपकडे पाहताना हे सगळे ध्यानात ठेवावे लागते. युनायटेडला त्या वर्षी प्रत्येक फेरीत पहिल्या विभागातलाच प्रतिस्पर्धी मिळाला. तिसऱ्या फेरीत ॲस्टन व्हिलाने पहिल्या पंधरा सेकंदांच्या आत गोल केला आणि तरी युनायटेडने तो सामना ६–४ असा जिंकला. पुढच्या दोन फेऱ्यांत मेन रोड मोकळे नव्हते, म्हणून लिव्हरपूलविरुद्धचा ‘घरचा’ सामना लिव्हरपूल शहरातल्याच गुडिसन पार्कवर आणि चार्ल्टनविरुद्धचा हडर्सफील्डला खेळावा लागला. मग प्रेस्टन, मग उपांत्य फेरीत डर्बी, आणि २४ एप्रिलला वेम्ब्लीवर ब्लॅकपूल. ब्लॅकपूलने दोनदा आघाडी घेतली. सामना संपायला वीस मिनिटे उरली असताना युनायटेड १–२ असा मागे होता. मागे पडलेला संघ अशा वेळी चेंडू नुसता पुढे भिरकावू लागतो. कॅरीने आपल्या माणसांना आपला नेहमीचा खेळ खेळत राहायला सांगितले, असे त्या सामन्याबद्दल लिहिणारे सांगतात. जॅक रोलीने बरोबरी साधली, स्टॅन पिअर्सनने आघाडी मिळवून दिली, जॉन अँडरसनने ४–२ केले.

राजे सहावे जॉर्ज यांच्या हातून डब्लिनच्या मुलाने तो कप स्वीकारला. त्याच वर्षाच्या अखेरीस आयर्लंडच्या संसदेने राजाशी उरलेले शेवटचे घटनात्मक नाते तोडणारा कायदा संमत केला आणि १९४९ च्या ईस्टरच्या सोमवारी देश प्रजासत्ताक झाला.

आता त्या दुभंगाकडे येतो. आयर्लंडच्या फाळणीनंतर फुटबॉलच्याही दोन संघटना झाल्या होत्या, एक बेलफास्टची जुनी आणि दुसरी डब्लिनची नवी, आणि दोघीही आपल्या संघाला नुसते ‘आयर्लंड’ म्हणत. बेलफास्टची संघटना सगळ्या बेटातून खेळाडू निवडण्याचा आपला हक्क सोडायला तयार नव्हती. याचा परिणाम असा की २८ सप्टेंबर १९४६ रोजी कॅरी बेलफास्टच्या विंडसर पार्कवर ‘आयर्लंड’कडून इंग्लंडविरुद्ध खेळला आणि लगेच ३० सप्टेंबरला डब्लिनच्या डॅलिमाउंट पार्कवर दुसऱ्या ‘आयर्लंड’कडून त्याच इंग्लंडविरुद्ध खेळला. पहिला सामना इंग्लंडने ७–२ असा जिंकला. दुसऱ्यात शेवटच्या काही मिनिटांपर्यंत एकही गोल नव्हता. मग टॉम फिनीने एकमेव गोल केला.

हे वाचताना मला हटकून अब्दुल हफीझ कारदार आठवतो. त्याच १९४६ च्या उन्हाळ्यात तो भारताकडून इंग्लंडमध्ये कसोटी क्रिकेट खेळला आणि सहा वर्षांनी पाकिस्तानचा कर्णधार म्हणून दिल्लीत भारताविरुद्ध उभा राहिला. अमीर इलाही आणि गुल महंमद हेही दोन्ही देशांकडून खेळले. पण त्यांच्या आयुष्यात एक देश मागे राहिला आणि मग दुसरा आला. कॅरीच्या बाबतीत दोन्ही देश एकाच आठवड्यात, एकाच नावाने त्याला बोलावत होते आणि तो दोन्हीकडे गेला. ही त्याची तडजोड होती असे मी मानत नाही. ज्या बेटावर तो जन्मला ते तेव्हा एकच होते आणि त्याने दोन्ही निमंत्रणे त्या एकाच बेटाची मानली असावीत, असे मला वाटते. बेलफास्टच्या संघाकडून तो सात सामने खेळला, डब्लिनच्या संघाकडून एकोणतीस. १९५० च्या सुमारास दक्षिणेतल्या खेळाडूंवर उत्तरेचे बोलावणे नाकारण्यासाठी दबाव वाढला आणि ती प्रथा बंद पडली. पुढे जागतिक संघटनेने दोन्ही संघांना वेगवेगळी नावे लावून दिली.

मधल्या काळात, मे १९४७ मध्ये, ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर ग्रेट ब्रिटनविरुद्ध उर्वरित युरोप असा सामना झाला आणि युरोपचे कर्णधारपद कॅरीला मिळाले. युरोप १–६ असा हरला, त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे नाही. नाना भाषा बोलणारे ते खेळाडू एकत्र येऊन कितीसा सराव करू शकले असतील!

मला जास्त वेळ थांबायचे आहे ते २१ सप्टेंबर १९४९ च्या संध्याकाळपाशी. गुडिसन पार्कवर इंग्लंडविरुद्ध आयर्लंड, म्हणजे डब्लिनचा संघ. देश प्रजासत्ताक होऊन अवघे पाच महिने झाले होते. इंग्लंडच्या संघात बिली राइट, नील फ्रँकलिन, विल्फ मॅनियन होते आणि डाव्या फुलबॅकच्या जागी कॅरीचा युनायटेडमधला जोडीदार जॉन ॲस्टन होता. आयर्लंडचा गोलरक्षक टॉमी गॉडविन डब्लिनच्या शॅमरॉक रोव्हर्सचा होता. कॅरीसमोर डाव्या बगलेवर उभा होता टॉम फिनी, तीन वर्षांपूर्वी डॅलिमाउंटवर आयर्लंडला हरवणारा. फिनी दोन्ही पायांनी सारखाच खेळत असे, त्यामुळे तो आत वळेल की कडेने निघून जाईल याचा अंदाज फुलबॅकला लागत नसे. त्या दिवशी इंग्लंडने पुन्हा पुन्हा धडका दिल्या आणि आयर्लंडच्या बचावाने त्या परतवल्या. पूर्वार्धात पीटर डेस्मंडला पाडल्याबद्दल पेनल्टी मिळाली आणि मध्यरक्षक कॉन मार्टिनने तिचा गोल केला. पाच मिनिटे उरली असताना एव्हर्टनच्या पीटर फॅरेलने, आपल्याच क्लबच्या मैदानावर, गोलरक्षकाच्या डोक्यावरून चेंडू उचलून दुसरा गोल केला. ब्रिटनबाहेरच्या संघाने इंग्लंडला इंग्लंडच्या भूमीवर हरवण्याची ती पहिली वेळ होती.

या विजयाला इंग्लंडने त्याचे माप कधी दिले नाही, याची मला मनापासून चीड येते. चार वर्षांनी हंगेरीने वेम्ब्लीवर इंग्लंडला ६–३ असे हरवले आणि ‘घरच्या मैदानावरचा पहिला पराभव’ म्हणून इतिहास त्याच दिवसाला ओळखू लागला. आयर्लंडचे खेळाडू इंग्लंडच्या क्लबांतून खेळणारे, ओळखीचे, शेजारचे, म्हणून ते परके ठरले नाहीत. आणि परके न ठरल्यामुळे त्यांचा विजय विजय म्हणून मोजला गेला नाही. मायदेशीही सगळा हिशोब सरळ नव्हता. त्या दिवशी पेनल्टी मारणारा कॉन मार्टिन पूर्वी डब्लिनच्या गेलिक फुटबॉल संघात होता आणि १९४१ चे लेन्स्टर प्रांताचे विजेतेपद त्या संघाने मिळवले होते. पण तो ‘परकीय’ फुटबॉलही खेळतो हे कळल्यावर त्याचे पदक रोखून धरले गेले. ते त्याच्या हाती पडले तीस वर्षांनी, बंदी उठल्यावर.

त्याच १९४९ मध्ये फुटबॉल पत्रकारांनी वर्षातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून कॅरीची निवड केली. हा सन्मान आदल्या वर्षी सुरू झाला होता आणि पहिला मानकरी मॅथ्यूज होता. एका विंगरनंतर लगेच एका फुलबॅकला तो मिळावा, ही गोष्ट आजही मला सुखावते. पैशाच्या बाबतीत मात्र हे सगळे खेळाडू एकाच दावणीला बांधलेले होते. लीगने पगारावर कमाल मर्यादा घातली होती. १९४७ नंतर ती मोसमात आठवड्याला १२ पौंड होती आणि कपविजेत्या कर्णधारालाही त्यापलीकडे जाता येत नसे. १९५० मध्ये युनायटेडचा विंगर चार्ली मिटन आणि इंग्लंडचा नील फ्रँकलिन कोलंबियात बोगोटाला निघून गेले ते याच कोंडीमुळे. मी त्यांना दोष देत नाही.

लीगचे विजेतेपद युनायटेडला सतत हुलकावणी देत होते. १९४७, १९४८, १९४९ आणि १९५१, चार वेळा दुसरे स्थान. १९५१-५२ च्या मोसमात बस्बीने संघ पुन्हा मांडला आणि तिशी ओलांडलेल्या कर्णधाराला त्याची स्थिरावलेली फुलबॅकची जागा सोडून पुढे उजव्या हाफबॅकच्या जागी यायला सांगितले. कॅरी गेला. मागे टॉमी मॅकनल्टी आणि कोवळा रॉजर बर्न यांना वाव मिळाला आणि अखेर आर्सेनलला ६–१ असे हरवून युनायटेडने १९११ नंतरचे पहिले विजेतेपद मिळवले. पुढच्या फेब्रुवारीत सुंदरलंडला गेलेल्या संघाचा गोलरक्षक जॅक क्रॉम्प्टन ऐनवेळी आजारी पडला, तेव्हा कर्णधारानेच गोलरक्षकाची जर्सी घातली. सामना २–२ असा सुटला. युनायटेडच्या ३४४ सामन्यांत तो गोलरक्षकासह दहा वेगवेगळ्या जागी खेळला. १९५३ च्या उन्हाळ्यात तो निवृत्त झाला. कर्णधारपद पुढे बर्नकडे गेले. पाच वर्षांनी म्युनिकच्या धावपट्टीवर संघाच्या विमानाला झालेल्या अपघातात बर्नही गेला आणि कॅरीप्रमाणेच होम फार्ममधून आलेला डब्लिनचा लियम व्हेलनही गेला.

व्यवस्थापक म्हणून कॅरी आधी ब्लॅकबर्नला गेला आणि १९५८ मध्ये त्यांना पहिल्या विभागात घेऊन आला. एव्हर्टनला त्याने युद्धानंतरचे त्यांचे सर्वांत वरचे, पाचवे स्थान मिळवून दिले, आणि त्याच मोसमात क्लबच्या अध्यक्षांनी लंडनमध्ये टॅक्सीतून जाताना त्याला कामावरून दूर केल्याचे सांगितले. पुढच्याच वर्षी त्याने लेटन ओरिएंटसारख्या लहान क्लबला पहिल्या विभागात नेले. तो क्लब त्याआधी तिथे कधी पोहोचला नव्हता आणि त्यानंतरही नाही. याच काळात बरीच वर्षे तो आयर्लंडच्या राष्ट्रीय संघाचाही व्यवस्थापक होता. संघनिवड मात्र समितीच्या हाती असे.

१९६६-६७ मध्ये त्याचा नॉटिंगहॅम फॉरेस्ट लीगच्या विजेतेपदासाठी शेवटपर्यंत झुंजला. वर होता बस्बीचा युनायटेड. ऑक्टोबरमध्ये फॉरेस्टने आपल्या मैदानावर युनायटेडला ४–१ असे हरवले. फेब्रुवारीत ओल्ड ट्रॅफर्डवर युनायटेडने डेनिस लॉच्या एकमेव गोलाने परतफेड केली आणि मोसमाअखेर कॅरी दुसरा आला, जसा कर्णधार म्हणून चारदा आला होता. त्या युनायटेड संघात उजव्या फुलबॅकच्या जागी मोसमाचा मोठा भाग टोनी डन खेळला. तो डब्लिनचा होता आणि देशाकडून कॅरीच्याच हाताखाली खेळलेला होता. डाव्या बगलेवर, फॉरेस्टच्या उजव्या फुलबॅकच्या समोर, जॉन ॲस्टन नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा धावत होता. वेम्ब्लीवर कॅरीच्या पलीकडच्या टोकाला उभ्या असलेल्या डाव्या फुलबॅकचा तो मुलगा.